कुलूप स्टार्टरला, किल्ली आपल्या खिशात: सोलापूरच्या कारखान्यात लॉकआउट-टॅगआउट कसं शिकवावं

लाईट गेली की मागाच्या कारखान्यात वेगळीच लगबग सुरू होते. खडखडाट थांबतो आणि एरवी ज्यांना वेळ मिळत नाही ती कामं निघतात. कुणी फणीत अडकलेला सुताचा गुंता काढतो, कुणी गिअरमध्ये साचलेला कापूस कोरून काढतो, माग दुरुस्त करणारा जॉबर पट्टा ताणून घेतो. यंत्र थांबलेलं दिसतं, म्हणून हात बिनधास्त आत जातो. पण थांबवलं कुणी? ना जॉबरने, ना मालकाने. लाईट येईल तेव्हा काय होणार हे त्या हातापाशी उभ्या असलेल्या कुणाच्याच ताब्यात नसतं.

नीट बसवलेल्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते, आणि वीज परतली तरी पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. पण जिथे मोटर साध्या रोटरी स्विचवर आहे, किंवा 'सारखा ट्रिप होतोय' म्हणून कुणी कॉइल बायपास करून ठेवली आहे, तिथे लाईट येताक्षणी मोटर फिरते. कॉम्प्रेसर तर प्रेशर स्विचवर चालतो. टाकीतला दाब उतरला की तो कुणाला न विचारता सुरू होतो. जनरेटरला ऑटो चेंजओव्हर असेल तर लाईट जाऊन काही सेकंदांतच कारखान्यात पुन्हा वीज असते.

म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, चिंचोळीतलं मोठं युनिट असो की साखर पेठेतले घराखालचे चार माग, दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी यंत्राला पोचणारी प्रत्येक ऊर्जा तोडायची, तिथे स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग (लेबल) लावायचा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. ते कामगारांना शिकवायचं कसं, यासाठी हा लेख आहे. मालक, सुपरवायझर, जॉबर आणि वायरमन या चौघांनी तो एकत्र बसून वाचला तर जास्त उपयोग होईल.

आधी कागद-पेन घेऊन कारखान्यात एक फेरी मारा

प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी हे काम करा. एकेका यंत्रापाशी उभं राहून लिहा: याला जोर कुठून कुठून मिळतो? 'वीज' असं एका शब्दात उत्तर आलं तर पुन्हा बघा.

नव्या रॅपिअर (बिनधोट्याच्या) मागाला मुख्य मोटर असते, शिवाय कंट्रोल पॅनेलची वेगळी लाईन असू शकते आणि काही ठिकाणी कॉम्प्रेसरची हवाही जोडलेली असते. हवेला लोक मोजतच नाहीत. दहा सेंटीमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला सहा किलोचा दाब असेल तर दट्ट्यावर साधारण 470 किलोचा जोर पडतो. वीज बंद केली तरी नळीतली हवा तशीच कोंडलेली राहते. वॉल्व्ह सरकला की दट्ट्या झेपावतो.

डाइंगमध्ये, म्हणजे कापड-सूत रंगवतात तिथे, वाफ आहे. सात किलो दाबाची वाफ सुमारे 170 अंश सेल्सिअसची असते. शिवाय वाफेचे जुने वॉल्व्ह पास होतात, म्हणजे चाक पूर्ण घट्ट केलं तरी थोडी वाफ झिरपत राहते. एका वॉल्व्हच्या भरवशावर कुणाला भांड्यात उतरवू नका. दोन वॉल्व्ह बंद करा आणि त्यांच्यामधला ड्रेन उघडा ठेवा, किंवा फ्लँजमध्ये (पाइपच्या जोडात) ब्लाइंड, म्हणजे बिनभोकाची चकती, टाका. कॉस्टिक सोडा आणि पेरॉक्साईडच्या डोसिंग लाइनही याच यादीत येतात. पंप सुरू झाला तर आत असलेल्या माणसाच्या अंगावर काय पडेल, तेवढा विचार करा.

गाठी बांधणाऱ्या बेलिंग प्रेसमध्ये तेलाचा दाब आहे, आणि वर थांबलेल्या प्लेटचं वजनही आहे. ती प्लेट पूर्ण खाली आणून ठेवायची, आणि ते शक्य नसेल तर खाली लोखंडी टेकू द्यायचा. चेन-पुलीला लटकलेल्या बीमचंही तसंच. साध्या मागावर मोटर बंद असली तरी हाताने चाक फिरवताना धोटा मारणारी काठी झटका देते, हे जॉबरला पाठ असतं. नव्या पोराला माहीत नसतं.

छतावर सोलर असेल तर एक नोंद ठळक करा. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाईट गेल्यावर आपोआप थांबतो, पण पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी केबलमध्ये ऊन असेपर्यंत वीज असतेच. सोलापूरच्या उन्हात ती दिवसभर असते. व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) आणि पॉवर फॅक्टरच्या कपॅसिटर पॅनेलमध्येही मेन बंद केल्यावर काही वेळ चार्ज राहतो. यंत्राच्या लेबलवर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा, आणि त्यानंतरही मोजूनच हात लावा.

या फेरीतून प्रत्येक यंत्राचं एक पान तयार होईल: कोणती ऊर्जा, तोडायची जागा कुठे, तिथे कुलूप कसं बसतं, आत साठलेला जोर कसा काढायचा, आणि काम सुरू करण्याआधी तपासायचं कसं. जागांचे मोबाइलवर काढलेले फोटो चिकटवा. हे पान लॅमिनेट करून यंत्रालाच टांगा. ऑफिसच्या फाइलमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

कुलपं

प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याला त्याचं स्वतःचं कुलूप आणि त्याची एकच किल्ली. लाल रंगाची खास कुलपं बाजारात मिळतात. लहान कारखान्याला ती जड जात असतील तर साधी चांगली कुलपंही चालतील, पण दोन अटींवर: ती याच कामासाठी राखून ठेवलेली असावीत, आणि दुसरी किल्ली कुणाच्या हाती लागणार नाही असा बंदोबस्त असावा. स्टोअरच्या खिळ्याला टांगलेली 'मास्टर की' असेल तर कुलपाला अर्थ उरत नाही.

सोबत एमसीबीला बसणारे लॉक-क्लिप, वॉल्व्हच्या चाकाला गुंडाळायची साखळी आणि एकाच जागी अनेक कुलपं लावता येतील असा हॅस्प घ्या. जुन्या मेन स्विचच्या हँडलला बहुतेकदा कुलपासाठी भोक असतं. तेलकट धुळीखाली ते दिसत नाही इतकंच.

किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. तिच्यामागची समज खरी आहे. पण शेजारच्या खणातला फ्यूज काढून तिथे बसवायला कुणाला अर्धं मिनिटही लागत नाही. फ्यूज काढा आणि वर बोर्डाच्या दारालाही कुलूप लावा.

टॅगवर कामगाराचं नाव, फोटो, मोबाइल नंबर, तारीख आणि कामाचं कारण हवं. सोलापुरात तो नुसता मराठीत करून भागत नाही. पूर्व भागात तेलुगू बोलणारे कामगार आहेत, कन्नड बोलणारे आहेत, उत्तरेकडून आलेले हिंदी बोलणारे आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोटो आणि लाल रंग बोलतो. मात्र नुसता टॅग लावून काम भागवू नका. टॅग विनंती करतो, कुलूप अडवतं.

प्रशिक्षण हायड्रोपासून सुरू करा

डाइंग युनिटमध्ये पहिला धडा हायड्रो मशीनवर, म्हणजे ड्रम गरागरा फिरवून ओल्या कापडातलं पाणी काढणाऱ्या मशीनवर, द्यावा असं माझं ठाम मत आहे. त्यात समजायला सोप्या अशा दोनच गोष्टी आहेत, मोटरची वीज आणि फिरणाऱ्या ड्रमचा वेग. आणि घाईची किंमत तिथे सगळ्यात भयंकर आहे. ओल्या टॉवेलांनी भरलेला ड्रम बटण दाबल्यावरही फिरत राहतो. ब्रेक झिजला असेल तर कितीतरी वेळ फिरतो. झाकण उघडं असताना मशीन चालू न देणारं इंटरलॉक 'त्रास देतं' म्हणून तार जोडून निकामी केलेलं असतं. मग कुणीतरी ड्रम लवकर थांबावा म्हणून ओला टॉवेल आत दाबतो. टॉवेलाचं टोक ड्रमला गुंडाळलं गेलं की हात त्याच्याबरोबर जातो, आणि तो हात सोडवायला कुणालाच वेळ मिळत नाही.

म्हणून आधी इंटरलॉक दुरुस्त करा. ते तुटलेलं ठेवून त्या मशीनवर प्रशिक्षण देणं म्हणजे कामगारांना फसवणं आहे. मग चार-पाच जणांचा गट मशीनपाशी उभा करा आणि व्ही-बेल्ट बदलायचं काम खरोखर करून दाखवा.

पहिल्यांदा सांगायचं. त्या पाळीतल्या सगळ्यांना कळलं पाहिजे की हायड्रो बंद होतोय, कशासाठी आणि साधारण किती वेळ. टॉवेल घेऊन येणाऱ्या हेल्परलाही सांगायचं, कारण मशीन बंद का म्हणून बटण दाबून बघणारा बहुतेक वेळा तोच असतो.

मग नेहमीच्या बटणाने मशीन थांबवायचं. आपत्कालीन लाल बटण दाबून समाधान मानू नका. ते बटण आणि पॅनेलवरचे बाकीचे स्विच कंट्रोलची लाइन तोडतात. मोटरपर्यंतची मुख्य वीज कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) तोंडाशी उभीच असते. कॉन्टॅक्टर चिकटला की ती आत शिरते.

त्यानंतर आयसोलेटर किंवा मेन स्विच खाली करायचा. त्याच मशीनचा आहे ना, हे केबल डोळ्यांनी शोधून नक्की करायचं. बोर्डावर नावं लिहिलेली नसतील तर आजच लिहा. चुकीच्या मशीनला कुलूप लागलं तर माणूस पूर्ण विश्वासाने जिवंत मशीनमध्ये हात घालतो, आणि ते बिनकुलपापेक्षाही वाईट.

आता कुलूप आणि टॅग. दोघं काम करणार असतील तर हॅस्प लावून दोघांची दोन कुलपं. जॉबरने लावलं म्हणजे हेल्परचंही झालं, असं चालत नाही.

पुढची पायरी साठलेला जोर काढायची. हायड्रोत तो ड्रमचा वेग आहे, म्हणून ड्रम स्वतः थांबेपर्यंत थांबायचं, हात न लावता, डोळ्यांनी खात्री करून. इथे प्रशिक्षकाने घड्याळ लावून सगळ्यांना शांत उभं ठेवावं. ती मिनिटं लांब वाटतात, आणि ती लांब वाटणं कामगारांनी प्रत्यक्ष अनुभवणं हाच या धड्याचा गाभा आहे.

शेवटची आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारी पायरी म्हणजे तपासणी. मशीनजवळ कुणी नाही हे बघून सुरूचं बटण दाबायचं. मशीन हललं नाही की स्विच आठवणीने पुन्हा 'बंद'वर आणायचा. विजेच्या भागाला हात लावायचा असेल तर वायरमनने मीटरने मोजायचं: आधी जिथे वीज नक्की आहे तिथे मीटर लावून तो चालतो हे बघायचं, मग आपल्या टर्मिनलवर मोजायचं, आणि लगेच पुन्हा जिवंत जागी लावून बघायचं. तीन फेजच्या तिन्ही तारा एकमेकींशी आणि अर्थशी मोजायच्या. खिशातला स्क्रूड्रायव्हर टेस्टर पेटला नाही म्हणून 415 व्होल्टच्या टर्मिनलला बोट लावायचं नाही.

एवढं झाल्यावर बेल्टला हात लावा.

परतीचा रस्ताही शिकवा. पाने, पक्कड, चिंध्या मोजून बाहेर. गार्ड परत बसवलेला. सगळे बाजूला. मग ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, सगळ्यांना सांगायचं आणि मशीन सुरू करायचं. मधेच बेल्ट ताणून बघायला मशीन क्षणभर फिरवायचं असेल, तर कुलूप काढून, माणसं बाजूला करून फिरवा. पुन्हा हात घालण्याआधी कुलपापासून सगळं पहिल्यापासून. इथे कुरकुर होणार. होऊ द्या, पण सूट देऊ नका.

कुणाला किती शिकवायचं

सगळ्यांना सगळं शिकवायची गरज नाही. जॉबर, फिटर, वायरमन, बॉयलर अटेंडंट म्हणजे जे प्रत्यक्ष कुलूप लावणार त्यांना पूर्ण पद्धत, त्यांच्या प्रत्येक यंत्रावर. यंत्र चालवणाऱ्या विणकरांना आणि ऑपरेटरना इतकं, की कुलूप दिसलं तर त्याचा अर्थ काय, बटण का दाबायचं नाही, आणि कुलूप लागेपर्यंत कुणाला आत हात घालू द्यायचा नाही. बाकीच्यांना, म्हणजे कांड्या भरणाऱ्या बायका, पॅकिंग, हमाल, झाडूवाली मावशी आणि वॉचमन यांना एकच गोष्ट: लाल कुलपाला आणि टॅगला कुणी हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा नाही. हे शेवटचे शब्द मालकाने स्वतः उभं राहून सर्वांसमोर म्हणावेत.

भाषण कमी ठेवा. हॉलमध्ये स्लाइड दाखवून सह्या घेणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. परीक्षाही तोंडी घेऊ नका, त्याच्या यंत्रापाशी न्या आणि म्हणा, "अण्णा, हे बंद करून दाखवा." पॅनेलची दुसरी लाइन किंवा हवेचा कॉक विसरला तर तिथेच थांबवून पुन्हा करायला लावा. तेलुगू बोलणाऱ्या गटाला त्यांच्यातल्याच जाणत्या जॉबरने शिकवलं तर प्रश्न मोकळेपणाने विचारले जातात. आपण बाजूला उभं राहून पायऱ्या सुटत नाहीत ना, एवढं बघावं.

तुटलेली सुताची तार जोडणं, कांडी बदलणं अशी नेहमीची कामं माग थांबवून, गार्डच्या बाहेरून, ठरलेल्या रीतीने होत असतील तर त्यांना कुलूप लागत नाही. गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये पिनवर चालणारं शिलाई मशीन असेल तर पिन काढून ती दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेसमोर आणि हाताशी ठेवली की पुरे. प्रत्येक गोष्टीला कुलूप मागाल तर लोक सगळ्यालाच कंटाळतील. पण गार्ड उघडावा लागला किंवा अंगाचा कुठलाही भाग यंत्राच्या हालचालीच्या वाटेत गेला, की कुलूप आलंच.

मजुरीचा प्रश्न आधी सोडवा

कितीही चांगलं शिकवलं तरी पद्धत मोडते ती इथे. विणकराला नगावर किंवा मीटरवर मजुरी मिळते. माग दहा मिनिटं थांबला तर ती दहा मिनिटं त्याच्या खिशातून जातात. मग तो जॉबरला म्हणतो, "दोन मिनिटाचं काम आहे, चालू मागावरच बघ की." जॉबरच्या डोक्यावरही थांबलेल्या मागांचा हिशेब असतो. यात आळस नाही की अडाणीपणा नाही. पोटाचा सरळ हिशेब आहे, आणि तो पोस्टर लावून बदलत नाही.

उपाय मालकाच्या हातात आहे. कुलूप लागलेल्या वेळेची मजुरी सरासरीने द्या, आणि तसं वहीत लिहा. कुलूप लावलं म्हणून कुणाला बोलणी बसता कामा नयेत. उलट कुलपाशिवाय आत हात घातलेला दिसला तर सुपरवायझरने ते काम तिथेच थांबवावं. माझ्या मते सुरक्षेवर खर्च करायचा पहिला रुपया हाच, कुलपांचा त्याच्यानंतर.

कायद्याचं थोडक्यात. कारखाने अधिनियम 1948 चं कलम 24 सांगत होतं, की वीज तोडणारं साधन चुकून बंदवरून चालूवर सरकू शकत असेल तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करायची सोय हवी. कलम 22 चालत्या यंत्राजवळच्या कामाबद्दल होतं. तिथे प्रशिक्षित माणूस, अंगाला घट्ट बसणारे कपडे आणि रजिस्टरमध्ये त्याचं नाव अशा अटी होत्या. सुरक्षेचं प्रशिक्षण मिळणं हा कलम 111-अ प्रमाणे कामगाराचा हक्क होता. या कायद्याची जागा नोव्हेंबर 2025 मध्ये 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. पायऱ्यांची जी रीत जगभर वापरली जाते ती बरीचशी अमेरिकेच्या 1989 च्या नियमावरून आलेली आहे. चार-आठ मागांचा कारखाना कायद्याच्या कक्षेत येत नसेलही. मोटर मात्र तीच असते.

साखर कारखाने आणि पाळी बदल

जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. गाळप संपलं की ओव्हरहॉलिंग सुरू होतं, आणि तेव्हा एकाच केन कॅरिअरवर (ऊस गाळपाकडे नेणाऱ्या यंत्रावर) कारखान्याचे फिटर, ठेकेदाराचे वेल्डर आणि रोजंदारीचे मजूर असे कितीतरी जण एकाच वेळी असतात. तिथे प्रत्येकाने प्रत्येक स्विचला कुलूप लावणं शक्य होत नाही. मग एक जबाबदार इंजिनिअर सगळ्या जागी कारखान्याची कुलपं लावतो, तपासणी सगळ्यांसमोर करून दाखवतो आणि त्या किल्ल्या एका पेटीत टाकतो. पेटीला प्रत्येक माणूस आपापलं कुलूप लावतो. शेवटचा माणूस आपलं कुलूप काढेपर्यंत पेटी उघडत नाही. ठेकेदाराच्या मजुरालाही स्वतःचं कुलूप मिळालंच पाहिजे, मग तो एकाच दिवसासाठी आलेला का असेना. मळीच्या टाकीत उतरायचं असेल तर मात्र कुलपाने भागत नाही. आतल्या वायूची तपासणी, परवाना आणि बाहेर उभा राहणारा माणूस ही वेगळी तयारी लागते.

पाळी बदलताना येणाऱ्याचं कुलूप आधी लागतं, जाणाऱ्याचं नंतर निघतं. मधे क्षणभरही यंत्र बिनकुलपाचं राहता कामा नये. दोघांनी यंत्रापाशी उभं राहून काय झालं, काय उरलं ते बोलायचं आणि येणाऱ्याने स्वतः बटण दाबून तपासायचं. फोनवरून पाळी सोपवायची नाही.

कधीतरी असंही होईल की कामगार कुलूप तसंच ठेवून घरी गेला. विडी घरकुल वसाहतीतल्या घरापर्यंत पोचलेला असेल, किल्ली त्याच्या खिशात, आणि इकडे रात्रपाळी खोळंबलेली. कटर मागवण्याआधी त्याला फोन करा, आणि जवळ असेल तर बोलावून घ्या. फोन लागत नसेल तर तो कारखान्याच्या आवारात कुठेही नाही हे गेटच्या रजिस्टरवरून आणि प्रत्यक्ष शोधून नक्की करा. यंत्राच्या आत, खाली, मागे वाकून बघा. मग ठरवून दिलेल्या एकाच अधिकाऱ्याने, साक्षीदार ठेवून कुलूप कापावं आणि वहीत वेळ, कारण आणि सह्या लिहाव्यात. दुसऱ्या दिवशी तो कामगार गेटमधून आत येताच, यंत्रापाशी जाण्याआधी, त्याला हे सांगा आणि नवं कुलूप द्या. नाहीतर यंत्राला अजून आपलंच कुलूप आहे अशा समजुतीने तो थेट आत हात घालेल.